अण्णांची पैसेवारी

"मॅडम, मन रमावं म्हणून सुरू केलं होतं. आता त्याचाच ताप झालाय."

हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वर्षातून सात-आठ वेळा तरी ऐकू येतं. बोलणारा कधी बॅडमिंटनवाला असतो, कधी पन्नाशीत पेटी शिकायला घेतलेल्या बाई असतात, कधी मॅरेथॉनचं वेड लागलेला बँकेतला अधिकारी. एखाद्या दिवशी सगळं जमतं, पुढच्या वेळी हात परक्याचा झाल्यासारखा वाटतो, आणि तो फसलेला दिवस घरी, कामावर, झोपेत मागे मागे येतो. मग विचारतात, सोडून द्यावं का?

गोल्फवाला मात्र माझ्याकडे एकच आला. त्यांना इथे अण्णा म्हणते. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

खरं तर आधी आल्या त्यांच्या पत्नी. "ह्यांचं पुण्याला खेळणं झालं की सोमवारी आमच्या घरात सुतक असतं," म्हणाल्या. अण्णा बावन्न वर्षांचे, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला छोटं वर्कशॉप. पुण्याच्या एका गिऱ्हाईक कंपनीतल्या साहेबांनी सहा वर्षांपूर्वी हौसेनं मैदानावर नेलं आणि हे अडकले. महिन्यातून एकदा पुण्याला जाऊन अठरा होल, म्हणजे चेंडू घालायचे अठरा खड्डे. एरवी पैठण रोडला एका मित्राच्या पडीक रानात सराव. बाईंना खेळाचा राग नव्हता. त्यांना आणलं होतं मुलीच्या एका वाक्यानं. मुलगी पुण्यात शिकते. त्या महिन्यात ती बाबांबरोबर गाडीनं घरी आली. सव्वादोनशे किलोमीटर, पाच तास, आणि अण्णा एक शब्द बोलले नाहीत. शिरूरला चहा नाही, नेवासा फाट्याला जेवण नाही. घरी आल्यावर पोरगी आईला म्हणाली, "पुढच्या वेळेस मी एसटीनं येईन."

अण्णा आले ते हे वाक्य पोटात घेऊनच. खुर्चीच्या टोकावर बसले. "सहा वर्षं झाले खेळायलो. आणि मागच्या महिन्यात एकशे सहा. एकशे सहा, मॅडम! त्याच्या आदल्या महिन्यात सत्त्याऐंशी मारले होते मी." मला त्यातलं काही कळत नव्हतं, हेही त्यांनी लगेच ओळखलं. मग समजावलं: अठरा होलचं मैदान, निष्णात माणसानं साधारण ७२ फटक्यांत संपवावं असं. जितके फटके कमी तितकं चांगलं. त्याहून किती फटके जास्त लागतात तो आकडा म्हणजे हँडिकॅप. ह्यांचं १८, म्हणजे ७२ अधिक १८, नव्वद. "नव्वद ही माझी लायकी आहे. आणि मी मारतोय एकशे सहा."

लायकी हा शब्द मी वहीत लिहून ठेवला.

पहिल्या भेटीत मी नेहमीचे प्रश्न आधी विचारून घेते. झोप, भूक, कामातलं लक्ष, एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरलाय का, जगणं नकोसं वाटतं का. उदासी जवळपास रोज, दिवसाचा बराचसा वेळ, दोन आठवडे टिकली तर ती खेळाची गोष्ट राहत नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञच गाठावा लागतो. हे वाचणाऱ्या कुणाचं तसं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर आहे, पैसे पडत नाहीत. अण्णांचं तसं नव्हतं. बुधवारपर्यंत ते सावरायचे. फक्त सोमवार-मंगळवार घरच्यांच्या वाट्याला यायचा.

आणि मग मी दोन चुका केल्या.

पहिली चूक सोपी. म्हटलं, "हार-जीत सोडा, आनंद घ्या." अण्णा हसले. "तुम्ही खेळल्या नाहीत कधी." खरंच होतं. आनंद घ्या म्हटल्यानं आनंद आला असता तर माझा व्यवसाय केव्हाच बंद पडला असता. दुसरी चूक जरा अवघड. मी त्यांना प्रत्येक फटक्यानंतर मनात काय आलं ते छोट्या डायरीत टिपायला सांगितलं. रागाच्या तक्रारीत ही युक्ती कामाला येते. इथे उलटी बसली. कोपर कुठे होतं, मान हलली का, श्वास रोखला का, सगळं टिपता टिपता त्यांचा हातच थिजला. अंगात मुरलेली हालचाल तुकड्या-तुकड्यानं बघायला लागलं की ती मोडते. जिना उतरताना प्रत्येक पायरीला पायाकडे बघून पाहा. तिसऱ्या भेटीत डायरी माझ्या टेबलावर ठेवत ते म्हणाले, "हे कामून करायला लावलं तुम्ही?" मी माफी मागितली.

मग विचारलं, तुमचं रान बघायला येऊ का?

पैठण रोडचं ते पडीक रान म्हणजे सहा-सात एकर मुरूम, कडेला बाभळी. हिरवळ राखायची तर पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे प्यायच्या पाण्याचे टँकर. म्हणून कोरड्या मुलखातल्या काही मैदानांवर असतो तसा यांनी 'ब्राउन' केला होता, म्हणजे शेवटच्या हलक्या फटक्यासाठी हिरवळीच्या जागी सपाट वाळू. अशा वाळूत काळं ऑइल मिसळून ती दाबतात. पण मित्राचे म्हातारे वडील काठी घेऊन उभे राहिले, "माझ्या रानात ऑइल सांडायचं नाही." मग नुसती वाळू आणि ती सारखी करायला एक फळी. खड्डा नियमानं १०८ मिलिमीटर व्यासाचा. यांनी शेताच्या पाइपलाइनचा उरलेला चार इंची तुकडा पुरला होता. तो आतून नियमापेक्षा थोडा अरुंदच. "इथे सराव केला की पुण्याचा खड्डा घमेल्याएवढा वाटतो," अण्णा म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून खेळाचं कौतुक ऐकलं.

मी बाभळीखाली बसून चेंडूऐवजी माणूस बघत होते. फटका मारायला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. चेंडू आणि स्टिकची गाठ पडते ती तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्मी. म्हणजे पंचाण्णव फटके मारले तरी खरा खेळ तीनेक मिनिटांचा. पुण्यातली फेरी चार तासांच्या वर जाते. उरलेला सगळा वेळ माणूस चालतो आणि त्याच्याबरोबर त्याचं डोकं चालतं. क्रिकेटमध्ये गोलंदाजावर, पंचावर, खेळपट्टीवर खापर फोडता येतं. इथे चेंडू जागच्या जागी पडलेला, समोर कुणी नाही. अण्णांचा एक फटका बाभळीत गेला. पुढच्या चेंडूपर्यंत ते चालत गेले ते हवेत तोच फटका पुन्हा पुन्हा मारत, स्वतःशी पुटपुटत. मी मोजली, साठ-सत्तर पावलं. पुढच्या चेंडूवर पोचले तेव्हा ते अजून मागच्याच चेंडूपाशी होते.

परत येताना त्यांनी मला बॉबी जोन्सची गोष्ट सांगितली. अमेरिकेतला हा खेळाडू वकील होता, स्पर्धा खेळला त्या सगळ्या हौशी म्हणूनच. १९३० मध्ये त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धा सोडल्या. तोच १९२१ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजला, तिसऱ्या फेरीत अकराव्या होलवर, वैतागून खेळ अर्धवट टाकून निघाला होता. "म्हणजे बघा, एवढा मोठा माणूसही..." अण्णांनी वकिली केली. मी म्हटलं, "तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता ना? तुम्ही बावन्नचे." गाडीत बराच वेळ शांतता. पण ही शांतता चांगली होती.

पुढच्या भेटीला मी त्यांना मागची वीस स्कोअरकार्डं आणायला सांगितली. मला त्यांचं ते 'नव्वद ही माझी लायकी' खटकत होतं. हँडिकॅप काढतात कसं, हे मी तोवर वाचून घेतलं होतं. २०२० पासून जगभरासाठी एकच पद्धत आली आहे: मागच्या वीस फेऱ्यांपैकी सगळ्यात चांगल्या आठ घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. मैदान किती अवघड, त्याचा हिशेबही त्यात असतो, पण अण्णांचं मैदान एकच, तेव्हा आम्ही तो बाजूला ठेवला.

टेबलावर कार्डं लावली. चांगली आठ: ८७, ८८, ८९, ९०, ९०, ९१, ९२, ९३. बेरीज ७२०, भागिले आठ, बरोब्बर नव्वद. उरलेली बारा ९४ पासून १०६ पर्यंत. सगळ्या विसांची सरासरी काढली तर ९४.६. आणि नव्वद किंवा त्याच्या आत ते वीसपैकी पाचच वेळा आले होते.

"म्हणजे पंधरा वेळा मी माझ्या लायकीखाली खेळलो," अण्णा म्हणाले.

"की नव्वद ही तुमच्या चांगल्या दिवसांची सरासरी आहे?"

ते कार्डांकडे बघत राहिले. अण्णांचं गाव परभणीकडचं, वडील कोरडवाहू कापूसवाले. लहानपणापासून घरात एक शब्द ऐकलेला: पैसेवारी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पीक कसं आलं ते आमच्याकडे रुपयाच्या हिशेबात सांगतात. गावातल्या हलक्या, मध्यम, चांगल्या अशा सगळ्या तऱ्हेच्या रानांत कापणी करून नेहमीच्या उताऱ्याशी ताडून बघायचं. पन्नास पैशांच्या आत आलं की गाव टंचाईत. खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबरअखेर लागते आणि पारावर तिच्यावर महिनाभर भांडणं चालतात.

"म्हणजे मी काय केलं," अण्णा सावकाश म्हणाले, "बागायती रानाचा उतारा धरला, आणि जिरायतीला शिव्या देत बसलो."

मी हे सुचवलं नव्हतं. सुचवताही आलं नसतं.

उतारा हा शब्द निघाला आणि मग दुसरं दार उघडलं. गावी गेले की भाऊबंद म्हणायचे, "गोट्या खेळायला पुण्याला जातो म्हणे." डिझेल, मैदानाची फी, कॅडीचे म्हणजे स्टिकांची पिशवी वाहणाऱ्याचे पैसे. एका उन्हाळ्यात गावात टँकर चालू असताना हे पुण्यात फवाऱ्याखालच्या हिरवळीवर उभे होते, आणि ते चित्र त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. वडिलांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली. अशा घरात वाढलेल्या माणसाला ज्यातून काही पिकत नाही अशा गोष्टीवर पैसा घालणं जड जातं. मग निदान ती नीट तरी यावी. सत्त्याऐंशी आले की खर्च वसूल. एकशे सहा आले की ते बापाच्या पैशाचे चोर. मुलीशी न बोललेले पाच तास मला तिथे जरा कळले. मराठवाड्यातल्या पहिल्या पिढीच्या कमावत्या माणसांत हे मी फार बघते. त्यांच्या विश्रांतीलाही एकरी उतारा लागतो.

ह्यावर माझ्याकडे तोडगा नव्हता, अजूनही नाही. आम्ही दोन-तीन भेटी त्याच्यावरच बोललो. त्यांनी वर्षाचा खर्च ठरवला, बायकोला सांगितला आणि तो आधीच बाजूला काढून ठेवला. पैसे गेले असं समजून. त्यामुळे दर फेरीला वसुलीचा हिशेब थोडा सुटला. भाऊबंदांचे टोमणे सुटले नाहीत.

मैदानापुरती मात्र एक साधी गोष्ट ठरली. वाईट फटक्यावर चिडायचं, मनापासून चिडायचं, पण हातमोजा काढेपर्यंतच. फटका झाला की ते तसंही मोजा काढतात. मोज्याची पट्टी चर्रकन निघाली की तो फटका संपला. मग चालताना बाभळी बघा, कॅडीशी बोला, त्याच्या पोरांची चौकशी करा. पुढचा मोजा चढवला की पुढचा चेंडू. वर्कशॉपवाल्या माणसाला हे लगेच पटलं. "जॉब रिजेक्ट झाला की आपण काय त्याला हातात घेऊन रडत बसतो का? लाल खोक्यात टाकायचा, दुसरा लावायचा." मग स्वतःच म्हणाले, "पण पंचवीस वर्षांत ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे चालेल एवढा फरक, नसलेलं माप मी घेतलं नाही. अन् स्वतःला शून्य दिलं."

सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवाळीनंतर एकदा त्यांनी पटर, म्हणजे शेवटच्या हलक्या फटक्याची स्टिक, बाभळीत फेकला आणि तो काढायला मित्राच्या वडिलांना आकडी आणावी लागली. म्हाताऱ्यांनी तेव्हा काय ऐकवलं ते अण्णांनी मला सांगितलं, पण ते इथे छापण्यासारखं नाही. स्कोअरही फार सुधारले नाहीत. महिन्यातून एकदा खेळणाऱ्याचे सुधारणार तरी किती.

मुलगी मात्र पुन्हा गाडीनं यायला लागली. पहिल्या खेपेला अण्णांनी तिला एक फटका रांजणगावपासून नगरपर्यंत सांगितला. ती मध्येच झोपली. कायगावच्या पुलावर जाग आली तर हे अजून सांगतच होते, वारा कुठून होता ते. आता नवी तक्रार ती आहे.

बाईंचा मेसेज मागच्या रविवारी रात्री आला: "एकशे एक. आमच्याकडे पैसेवारी बेचाळीस, टंचाई जाहीर. भाकरी तीन खाल्ल्या."