लग्न 1989 चं, वडील 2001 साली वारले. भाऊ हक्कसोड (जमिनीतला हिस्सा सोडल्याचा कागद) मागतोय, सही करू का?

करू नका. निदान सातबारा आणि जुने फेरफार काढून बघितल्याशिवाय तरी नाहीच.

"1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हिस्सा नसतो" हे तुम्हालाही ऐकवतील. महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात केलेल्या दुरुस्तीत तसं होतं खरं, पण 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीत तो भेद गेला.

माझं लग्न 1990 चं. बापू 2002 ला गेले, तासगावकडे तीन एकर. सातबाऱ्यावर आम्हा बहिणींची नावं 'इतर हक्कात', मालकांच्या रकान्यात नाहीत. 2011 ला दादा गाडी घेऊन दारात. ताईला एक साडी, मला एक. "कर्जासाठी बँकेला सह्या लागतात, बाकी काही नाही." गाडी थांबली ती दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाच्या दारात! ताईने सही केली. मी कागद वाचायला मागितला, तर वहिनी म्हणाली, "लग्नात दिलं ते काय कमी होतं?"

घरी आले ती थेट आईच्या ट्रंकेपाशी. बापूंच्या वहीत माझ्या लग्नाचा खर्च मांडव, आचारी, तीन तोळ्यांसकट 38 हजार. चार पानं उलटली तर दादाच्या डी.एड.चं डोनेशन 45 हजार. बोअर वेगळीच. लग्न म्हणजे माझा हिस्सा, मग डोनेशन म्हणजे काय, शिष्यवृत्ती? वही वहिनीपुढे ठेवली तेव्हा चहा टाकायला म्हणून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

दावा लावला. तेवढ्यात 2015 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की दुरुस्ती लागू झाली त्या 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात हवेत. माझे वकील घाबरले आणि मी 20 गुंठ्यांवर तडजोड केली. 2020 ला विनीता शर्मा खटल्यात न्यायालयाने तीच अट काढून टाकली. म्हणजे तुमच्या आड ती येत नाही, माझ्या आली. दादा भाऊबीजेला ताईकडे जातो. जाऊ दे.

हां, हे सगळं वडिलोपार्जित जमिनीचं. वडिलांनी स्वतः घेतलेली असेल आणि मृत्युपत्र करून भावाला दिली असेल, तर हे लागू नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत किंवा कोर्टातून वाटप झालं असेल तर तेही मोडत नाही. नुसतं तोंडी वाटप झालं म्हणतील, त्यावर सहसा विश्वास ठेवू नका. मी वकील नाही, कागद एखाद्या वकिलाला दाखवा.

आणि तुमच्या वडिलांची अशी वही असेल, तर भावाच्या आधी ती ताब्यात घ्या.