नागपूरला मुक्काम सीताबर्डीत करावा की शहराच्या शांत भागात?

आई-वडिलांसह चार दिवसांसाठी येत असाल, तर मी शांत भागच सुचवेन; मात्र तो मेट्रोच्या मार्गावर असावा, ही अट मी सोडणार नाही. नागपूर मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. त्यामुळे पश्चिमेकडे सुभाषनगर किंवा वासुदेवनगर स्थानकाजवळ राहिलात, तर गाडी न बदलता सीताबर्डीला आणि पुढे थेट रेल्वे स्थानकापर्यंत पोहोचता येते, शिवाय सकाळी फिरायला अंबाझरी तलाव हाताशी असतो. विमानाने येणाऱ्यांना जयप्रकाशनगर किंवा मनीषनगरचा परिसर अधिक सोयीचा पडेल.

खोली ठरवताना मेट्रो स्थानक किती दूर आहे हे नकाशावर जरूर पाहावे, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना एक किलोमीटर चालणेही ज्येष्ठांना झेपत नाही. मेट्रो रात्रभर चालत नाही. उशिरा पोहोचणारी गाडी असेल, तर रिक्षाचा खर्च धरून चालावे. जेवणाची चिंता नको, सावजी भोजनालये उपनगरांतही आहेत.

मुक्काम एकाच रात्रीचा असेल आणि पहाटेची गाडी पकडायची असेल, तर मात्र रेल्वे स्थानकाजवळचा गोंगाट सोसलेला बरा. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आणि दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा असतो; त्या दिवसांत खोल्या मिळणे अवघड होते, तेव्हा आरक्षण आधीच करून ठेवावे.