तंजावरला आईबाबांना घेऊन जातोय, तीन दिवसांत काय काय बघून होईल?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की तीनच दिवस आहेत, सोबत पासष्टीच्या पुढचे आईबाबा आहेत, आणि 'मोठं देऊळ सोडून मराठी माणसाने मुद्दाम बघावं असं काही आहे का?' आहे ना, पण ते त्या मोठ्या देवळातच, म्हणजे बृहदीश्वर मंदिरातच आहे आणि आपली माणसं त्याच्या शेजारून सेल्फी काढत निघून जातात. पहिल्या वेळी मीही तसाच आलो होतो परत.

त्या वेळी एप्रिल होता आणि त्रिचीहून निघायलाच उशीर झाला, देवळात पोचलो तर बारा वाजून गेलेले. साडेबाराला गाभारा बंद, उघडणार चारला. चपला बाहेर काढून ठेवलेल्या आणि पटांगणातली फरशी अशी तापलेली की आम्ही सगळे एका सावलीतून दुसऱ्या सावलीत पळतोय, आई तर एका खांबाजवळ बसली ती म्हणाली मी इथूनच नमस्कार करते, तुम्ही या जाऊन. वीस मिनिटांत फोटो काढून बाहेर. त्यामुळे पहिली गोष्ट, आईबाबांसाठी जाड मोजे घ्या (मोजे चालतात) आणि देवळात सकाळी साडेसहाला जा, मग संध्याकाळी पाचनंतर परत जा. एकाच दिवसात दोनदा. तिकीट नाही, त्यामुळे हिशोब करायची गरज नाही.

हे देऊळ चोळ राजा राजराज पहिला याने बांधलं, सन १०१० मध्ये पूर्ण झालं, शिखर साधारण २१६ फूट, सगळं ग्रॅनाइट. गाइड सांगेल की शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. मी संध्याकाळी त्या सावलीतच बसून चणे खाल्लेत, तेव्हा त्यावर वाद घालू नका, हसून पुढे चला.

आता मराठी भाग. शिखराच्या मागे नैऋत्य कोपऱ्याकडे जा आणि आवाराच्या भिंतीवर बघा. तिथे देवनागरीत मराठी कोरलंय, एक दोन ओळी नाही, भिंतच्या भिंत. १८०३ मध्ये तंजावरचे मराठा राजे सरफोजी (दुसरे) यांनी भोसले घराण्याचा सगळा इतिहास दगडात लिहून घेतलाय. सुरुवातीला मला काहीच लागेना, अक्षरं एकमेकांना चिकटून, शब्द कुठे सुटतो ते कळत नाही, मग मोबाईलचा टॉर्च भिंतीला तिरका धरला तर अक्षरं उठून दिसायला लागली आणि मध्येच 'महाराज', 'भोसले' असे ओळखीचे शब्द सापडले. आजूबाजूला सगळं तमिळ चाललेलं आणि आपण तमिळनाडूत भिंतीला नाक लावून मराठी वाचतोय, बाबा तिथे पाऊण तास उभे होते, गुडघे विसरून. अर्ध्या तासात एक आजोबा मागे येऊन उभे राहिले आणि विचारलं 'तुम्ही पुण्याचे का?', मराठीतच, पण चाल पूर्ण तमिळ. त्यांचं घराणं दोनेकशे वर्षं तिथलंच. अशी मराठी बोलणारी घरं तिकडे अजून आहेत.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तिथे राज्य उभं केलं आणि ते १८५५ पर्यंत टिकलं, मग वारस नाही म्हणून इंग्रजांनी खालसा केलं. शाळेत आपल्याला हे दोन ओळींत सांगतात. प्रत्यक्षात व्यंकोजीराजांचे चिरंजीव शहाजीराजे मराठीत नाटकं लिहीत होते, आपण पहिलं मराठी नाटक म्हणतो ते सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला केलं, त्याच्या सव्वाशे वर्षांहून जास्त आधी!

दुपारचं ऊन राजवाड्यात काढा. वाडा मूळ नायक राजांचा, मग मराठ्यांचा. डागडुजी जेमतेम, पण आतलं कलादालन सोडू नका, चोळांच्या काशाच्या मूर्ती तिथे इतक्या जवळून दिसतात की नटराजाच्या बोटांची पेरं मोजता येतात. शेजारीच सरस्वती महाल ग्रंथालय, ताडपत्रं, मोडीतली कागदपत्रं वगैरे. बाहेरच्यांना संग्रहालयाचा छोटा भागच बघू देतात, पण तेवढाही बास आहे. सरफोजीराजे डोळ्यांच्या आजारांवर स्वतः लक्ष घालून उपचार करवायचे आणि रोग्याच्या डोळ्यांची चित्रं काढून ठेवायचे, ती चित्रं दिसली तर थांबून बघा.

दुसऱ्या दिवशी कुंभकोणमला मुक्काम हलवा, ४० किमी आहे. वाटेत स्वामिमलैला थांबून मूर्ती ओतायचं काम बघता येतं, आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या मातीचा लेप, मग तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू. संध्याकाळी दारासुरम. चोळांची तीन मोठी देवळं म्हणजे तंजावर, दारासुरम आणि गंगैकोंड चोळपुरम, त्या तिन्हींत हे लहान, राजराज दुसरा याचं, बाराव्या शतकातलं, आणि खरं सांगू तर मला तिन्हींत हेच जास्त आवडलं. मंडपालाच दगडी चाकं आणि घोडे लावून रथ केलाय. एका शिल्पात बैल आणि हत्ती यांचं डोकं एकच आहे, एक बाजू हाताने झाकली की बैल, दुसरी झाकली की हत्ती. आई लहान मुलासारखी पाच वेळा झाकून बघत होती. वयस्कर माणसांना फिरायलाही हेच सोपं.

तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर गंगैकोंड चोळपुरम, कुंभकोणमहून साधारण ३५ किमी. पहिल्या राजराजाचा मुलगा राजेंद्र, याने उत्तरेत स्वारी करून गंगेचं पाणी आणवलं म्हणून हे नाव. मोठी राजधानी होती, आता देऊळ आणि शेतं. गर्दी जवळजवळ नसतेच. शिखर बापाच्या देवळापेक्षा बुटकं ठेवलंय, कारण काय ते ज्याने त्याने ठरवावं, मी आदर म्हणतो, माझा भाचा म्हणतो बजेट संपलं असेल.

तंजावरातलं श्वार्ट्झ चर्च वगैरे वेळ उरला तरच. जायला चेन्नईहून रात्रीची ट्रेन बरी, सकाळी तंजावर, नाहीतर त्रिचीपर्यंत विमान आणि पुढे टॅक्सी. डिसेंबर-जानेवारीत जा, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस टाळा. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं अशी गोष्ट तिकडे कुणी सांगितलीच तर पुरावा मागू नका, अजून एक वाटी मागा. आणि कुंभकोणमची डिग्री कॉफी बिनसाखरेची हवी असेल तर आधीच सांगा, बाबांना शुगर आहे हे मी सांगायला विसरलो होतो आणि पेला समोर आल्यावर त्यांनीही नाही म्हटलं नाही.