जुन्या लॅपटॉपवर पहिल्यांदा लिनक्स टाकायचंय, कुठला डिस्ट्रो घेऊ?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप ४ जीबी रॅमचा आहे, विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून लिनक्स टाकायचंय, आणि एक मित्र काली नावाचा डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, सांगतोय तर दुसरा आर्च. माझं मत सरळ आहे, लिनक्स मिंट घ्या, त्यातलं एक्सएफसीई या डेस्कटॉपवालं.

काली सिक्युरिटी टेस्टिंग करणाऱ्यांसाठी आहे, लिनक्सला नवीन असाल तर हे वापरू नका असं त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय. आर्च खरंच छान आहे पण ते रोलिंग आहे, म्हणजे नवीन व्हर्जन्स सतत येत राहतात आणि कधी काही बिघडलं तर निस्तरायचं तुम्हालाच. मी सुरुवात अशाच एका रोलिंग डिस्ट्रोने केली होती, एका अपडेटनंतर स्क्रीन काळी ती काळीच, दोन दिवस गेले आणि शेवटी वैतागून परत विंडोज टाकलं, तेव्हा मिंट घेतलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती असं मला अजून वाटतं.

मिंट हे उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रोच्या एलटीएस, म्हणजे बरीच वर्षं अपडेट्स मिळणाऱ्या व्हर्जनवर बनतं, त्यामुळे मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार, आणि अडलात तर उबुंटूसाठी लिहिलेलं बहुतेक उत्तर तुम्हालाही चालतं, नवीन माणसाला याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. मिंटचा दुसरा डेस्कटॉप सिनॅमन दिसायला जास्त छान आहे पण ४ जीबीवर एक्सएफसीई हलकं पडतं. ब्राउझर मात्र दोन्हीकडे तेवढीच रॅम खाणार, आणि अजून जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका, डिस्ट्रो बदलून मिळणार नाही एवढा फरक त्याने पडतो.

पण नावापेक्षा महत्त्वाचं म्हणजे इन्स्टॉल करायच्या आधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, ब्राइटनेस कमीजास्त होतोय का, झाकण बंद करून उघडल्यावर मशीन नीट जागं होतंय का, हे सगळं तिथेच कळतं आणि डिस्कला हातही लागत नाही. लाइव्हमध्ये ते पेनड्राइव्हवरून चालत असतं म्हणून स्लो वाटेल, स्पीड त्यावरून ठरवू नका. वायफाय नाहीच दिसलं तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्या, आणि मिंटमधलं ड्रायव्हर मॅनेजर उघडा, बऱ्याचदा काम होतं.

विंडोज पण ठेवायचं असेल तर आधी त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्या, आणि इन्स्टॉलरमधलं इरेज डिस्क म्हणजे खरंच सगळं पुसतं बरं का.

इन्स्टॉल झालं की पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट चालू करा, ते मिंटमध्ये आधीच असतं, अपडेटने काही बिघडलं तर कालच्या अवस्थेत परत जाता येतं. फक्त ते सिस्टिमच्या फाइल्स सांभाळतं, तुमचे फोटो आणि डॉक्युमेंट्स नाही, त्यांची कॉपी दुसऱ्या डिस्कवर वेगळी ठेवा.