सकर फूटभर झालाय, सोमेश्वरला सोडू का?

प्रश्न : काकू, तीन वर्षांपूर्वी दुकानदाराने ‘काच साफ ठेवतो, वेगळं खायला घालावं लागत नाही’ असं सांगून दोन इंचांचा सकर मासा दिला. आता तो फूटभर झालाय. झाडं उपटतो, रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटतो. टाकी दोन फुटी आहे. सासरे म्हणतात, सोमेश्वरला नेऊन नदीत सोडू, तेवढंच पुण्य. तो गेल्यावर दिसायला छान असा दुसरा प्लेको, म्हणजे सकरच्याच कुळातला मासा, ठेवायची इच्छा आहे. कोणता घेऊ? – एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, पण मासा नदीवर नेऊ देऊ नका. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून श्वास घेतो. म्हणजे मे महिन्यात गोदावरीची डबकी झाली तरी हा पठ्ठ्या तग धरणार. काठाच्या मातीत बिळं करून त्यात अंडी घालतो, त्यानं काठ पोखरले जातात. अंगावर हाडांचं चिलखत आणि परांना काटे, त्यामुळे जाळ्यात सापडला तरी जाळं फाडून ठेवतो. उजनीच्या मच्छीमारांपुढे याचं नाव काढून बघा, या पुण्यकर्माचा हिशेब तेच सांगतील.

आणि दुकानदाराचं ते वाक्य! त्याला मीही फसले आहे. माझा पहिला सकर सहा महिन्यांत गेला. काच आरशासारखी लख्ख, आणि त्याचं पोट आत ओढलेलं, खपाटीला गेलेलं. उपाशी मारला मी त्याला, घरात दोन वेळचा स्वयंपाक होत असताना. सकर शेवाळ खातो, पण इतर माशांची विष्ठा खात नाही. उलट त्याची स्वतःचीच घाण दोऱ्यासारखी लांबच लांब पडते. तुमचाही गोल्डफिशला चिकटतोय तो बहुधा भुकेपोटी, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडायला. तो थर गेला की गोल्डफिशला जखमा होतात.

तुमच्या टाकीची रुंदी एक फूट, मासाही एक फूट. वळायचं कसं त्यानं? अजून तो वाढेल, दीड फुटाचे मी पाहिलेत. पाच-सहा फुटी टाकीवाला कोणी भेटतो का शोधा, नाहीतर दुकानदाराला परत घ्यायला लावा. तोवर रोज दिवे मालवल्यावर खायला घाला.

आता नवा. दोन फुटी टाकीत डोळे झाकून ब्रिसलनोज प्लेको घ्या. चार-पाच इंचांवर थांबतो. नराच्या नाकाडावर मांसल फांद्या फुटतात, दाढी उलटी उगवल्यासारखी. पिवळा अल्बिनो मिळतो, लांब परांचाही मिळतो. फक्त गोल्डफिशबरोबर नको. गोल्डफिशला गार पाणी मानवतं, याला 24 ते 27 अंश लागतं.

दुकानात ठिपके बघून भुलू नका, लहानपणी सकरही देखणाच असतो. पाठीवरचा पर उभारला की पुढचा काटा सोडून मागच्या काड्या मोजा. दहा किंवा जास्त असतील तर तो सकरच, पिशवी बांधायच्या आत नाही म्हणा. ब्रिसलनोजला साधारण सात असतात. (सात असलेले सगळेच लहान राहतात असं मात्र नाही, मोठे होणारेही आहेत त्यात.) मग मासा काचेला चिकटला की खालून पोट बघा. भरलेलं, किंचित फुगीर हवं. आत गेलेलं पोट आणि खोल गेलेले डोळे दिसले तर दुकानदार अर्ध्या किमतीत देत असला तरी घेऊ नका.

घरी आणल्यावर टाकीत लाकडाचा ओंडका हवाच. तो आधी काही दिवस भिजत घाला, पाणी चहासारखं झालं तर घाबरू नका. खायला गिलकं, दोडका, काकडी. गिलक्याची चकती उकळत्या पाण्यातून काढायची, स्टीलच्या चमच्याला अडकवून रात्री सोडायची, सकाळी उरलेलं काढून टाकायचं. विसरलात तर दुपारपर्यंत पाण्याला वास येतो. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नळाचं असेल तर अँटीक्लोरीन घालून.

लपायला मी जुनं कौल ठेवते. गेल्या श्रावणात नर त्याखालून हलेना. टॉर्च मारला तर पोटाखाली केशरी अंड्यांचा घोस, आणि हा परांनी सारखा वारा घालतोय. उजेड पडताच डोळ्यातली ती छोटी झडप बुबुळावर उतरली, पण जागा काही सोडली नाही. मादी केव्हाच पलीकडे गिलकं खात होती.

प्रश्न : आजी, मला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा प्लेको हवाय. बाबा म्हणतात महाग आहे. – इयत्ता आठवी, नाशिक रोड

उत्तर : बाबांचं बरोबर आहे. हा ब्राझीलमधल्या शिंगू नदीच्या एकाच पट्ट्यात सापडतो, आणि त्याच पट्ट्यात बेलो मोंटे धरण झालंय. ब्राझीलमधून त्याच्या निर्यातीला बंदी आहे. म्हणून जो घ्यायचा तो टाकीत जन्मलेला, कागदपत्रांसकट. त्याला गिलकं नको, मांसाहारी खाणं हवं, पाणीही ब्रिसलनोजपेक्षा गरम आणि जोराने वाहणारं. त्याचा नंबर आहे एल 46. शास्त्रीय नाव ठरायच्या आधीच बाजारात येणाऱ्या या माशांना 1988 पासून एका जर्मन मासिकाने असे नंबर द्यायला सुरुवात केली. तू आधी वर्षभर ब्रिसलनोज जगवून दाखव, मग बाबांशी मी बोलते.

प्रश्न : थंडीत माझा प्लेको हीटरला चिकटला आणि पोटाला भाजला. काय करू? – एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : हीटरला प्लॅस्टिकच्या जाळीचं आवरण मिळतं, आजच आणा. हीटर काढून टाकू नका, आपल्याकडे जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. जखम भरेपर्यंत पाणी एक दिवसाआड थोडं थोडं बदला, आणि तांबं असलेलं औषध त्याला घालू नका. पाणी बदलताना हीटर आधी बंद करा. भाजलेला मासा बरा होईल, पण उघड्यावर तापून गार पाण्यात तडकलेली हीटरची काच नाही.