सोयाबीनच्या गाठी आतून लाल का? युरियाचं काय? आणि विजेच्या पावसाचं गुपित

हुक्केरी, निपाणी आणि खानापूर भागांतून आलेल्या शंकांपैकी बहुतेकांचा विषय नत्र हाच आहे, म्हणून इथे एकत्र उत्तर देत आहोत.

शंका : सोयाबीन उपटून पाहिलं तर मुळांवर गाठी आहेत. फोडल्यावर आत रक्तासारखा लाल रंग दिसतो. हा रोग आहे का? फवारणी काय करावी?

फवारणी नको. आतून लाल गाठ हे पीक नीट चालल्याचं लक्षण आहे. हवेत 78 टक्के नत्रवायू असतो, पण त्याच्या दोन अणूंची जोडी इतकी घट्ट असते की ती फोडायला खत कारखान्यात 400 अंशांवर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. गाठीतले रायझोबियम जिवाणू तेच काम शेतातल्या साध्या तापमानात एका विकराच्या (एन्झाइमच्या) जोरावर करतात. अडचण एकच : प्राणवायू लागला की तो विकर निकामी होतो, आणि जिवाणूला जगायला तर प्राणवायू लागतोच. म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन नावाचं प्रथिन तयार होतं. ते प्राणवायू धरून ठेवतं आणि जिवाणूला मोजकाच पोचवतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच हे भावंड. त्यातही लोह असतं, म्हणून रंग लाल.

तपासणी पेरणीनंतर 35 ते 40 दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास करा. झाड उपटू नका, उपटलं की गाठी मातीतच तुटून राहतात आणि ‘गाठीच नाहीत’ असा गैरसमज होतो. खुरप्याने मातीच्या गड्ड्यासह काढा, बादलीत बुडवून धुवा, मग नखाने गाठी फोडा. शेतात 5-6 ठिकाणी पाहा. सोटमूळाच्या वरच्या भागात 8-10 मोठ्या, आतून लाल गाठी असल्या तर नत्राची काळजी नको. पांढरी गाठ कोवळी असते किंवा निकामी. हिरवट किंवा तपकिरी गाठीचं काम संपलेलं असतं. शेंगा पक्व होताना तसं होणं साहजिकच, पण फुलोऱ्यातच तसं दिसलं तर शेतात पाणी साचलं होतं का ते आठवा. काळ्या रानात 2-3 दिवस पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही आणि गाठी मरतात. चर काढणं हाच त्यावर उपाय.

सूत्रकृमीच्या (मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमीच्या) गाठींशी मात्र गल्लत करू नका. रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, बोटाने अलगद निघते. सूत्रकृमीत मूळ स्वतःच सुजतं, ती गाठ वेगळी निघत नाही.

शंका : पीक पिवळसर दिसतंय. महिन्याने युरिया टाकू का?

आधी पिवळेपणा कुठल्या पानांवर आहे ते पाहा. कोवळी शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या काळ्या जमिनीत ती नेहमीची. तिथे युरियाने काहीच होत नाही. 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम फेरस सल्फेट घेऊन सकाळी किंवा संध्याकाळी फवारा.

खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी आहे, पण तरीही आधी गाठी फोडून पाहा. लाल गाठी असताना युरिया टाकला तर झाडाला जमिनीतूनच आयतं नत्र मिळतं. मग ते जिवाणूंना साखर पुरवणं आखडतं, गाठी सुस्तावतात. वर पाला माजतो, झाड लोळतं, शेंगा मात्र वाढत नाहीत. पेरणीच्या डीएपीच्या 50 किलोच्या पोत्यात 9 किलो नत्र असतं. गाठी कामाला लागेपर्यंतच्या 3-4 आठवड्यांपुरतं ते साधारण भागतं. गाठी खरोखरच नसतील तरच वरखत म्हणून युरियाचा विचार करा.

गाठी न येण्याचं कारण बहुतेक वेळा बियाण्यापाशीच असतं. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम सोयाबीनचंच रायझोबियम. भुईमुगाचं पाकीट चालत नाही, जिवाणू वेगळा असतो. आधी बुरशीनाशक, मग ते सुकल्यावर सर्वांत शेवटी जिवाणू. 1 लिटर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा आणि त्यातलं जिवाणू बियाण्याला चिकटण्यापुरतंच वापरा. सोयाबीनची साल पातळ असते, जास्त पाणी झालं की सोलून निघते आणि उगवण जाते. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा, खतात मिसळू नका. पाकीट उन्हात राहिलं असेल किंवा मुदत उलटली असेल तर मेहनत वाया. खानापूरच्या पश्चिमेकडच्या आम्लधर्मी तांबड्या जमिनीत मातीचा सामू (पीएच) तपासून घ्या. 5.5 च्या खाली असेल तर चुना दिल्याशिवाय गाठी नीट धरत नाहीत.

शंका : वळवाच्या, वीज कडाडणाऱ्या पावसाने पीक हिरवंगार होतं, विहिरीच्या पाण्याने तसं होत नाही. विजेत खत असतं का?

थोडंसं असतं. विजेच्या मार्गातली हवा सुमारे 30,000 अंशांपर्यंत तापते, नत्र आणि प्राणवायू जुळतात आणि त्यातून बनलेलं नायट्रेट पावसाबरोबर उतरतं. पण वर्षभराचं मिळून एकरी ते फार तर काही किलोच. 45 किलोच्या युरियाच्या पोत्यात 20 किलोंहून जास्त नत्र असतं. खरी किमया जमिनीची. उन्हाने कोरडी पडलेली माती भिजली की सूक्ष्मजीव एकदम जागे होतात, सेंद्रिय पदार्थ कुजवतात आणि त्यातलं नत्र झपाट्याने मोकळं होतं.

शंका : ज्वारी-उसाला अशा गाठी का येत नाहीत? तसं बियाणं निघालंय असं ऐकतो.

असं बियाणं बाजारात नाही. कोणी त्या नावाने विकत असेल तर घेऊ नका. गाठ बनवण्याचं जिवाणू-मूळ संगनमत प्रामुख्याने कडधान्यवर्गाच्या पिकांत आहे. बातमीचं मूळ बहुधा एप्रिल 2024 मधल्या शोधात असावं. एका सूक्ष्म समुद्री शैवालाच्या पेशीत नत्र स्थिर करणारा एके काळचा जिवाणू आता पेशीचा अवयवच झाला आहे, असं त्यात आढळलं. त्याला नायट्रोप्लास्ट हे नाव मिळालं. पिकात तो आणणं अजून प्रयोगशाळेतलं स्वप्न आहे.

उसाला मात्र गाठींशिवाय मदत मिळते. अ‍ॅसिटोबॅक्टर जिवाणू उसाच्या आतच राहून थोडं नत्र देतो. एकरी टिपऱ्यांसाठी अ‍ॅसिटोबॅक्टर 4 किलो आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू 500 ग्रॅम, 40 लिटर पाण्यात कालवून टिपऱ्या 30 मिनिटं बुडवा. बुरशीनाशकाची बुडवण आधी करा, जिवाणूंची नंतर.