डॉर्ममधली रात्र: साताऱ्यात उतरणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न: हिल हाफ मॅरेथॉनच्या आदल्या रात्री डॉर्ममध्ये होतो. पहाटे साडेतीनला सगळे पिशव्या चाळायला लागले. मी नुसता कासची फुलं बघायला आलेलो, काही बोलायला हवं होतं का?

त्या रात्री बोलून काही उपयोग नव्हता बघा, तेव्हा अख्ख्या गावात पळणारेच उतरलेले असतात आणि यवतेश्वरचा घाट पळत चढायचा तर लवकर उठावंच लागतं. उठण्याबद्दल तक्रारच नाही, खरा त्रास त्या पिशवीचा. तेव्हा पळणाऱ्यांनो, बिब म्हणजे तो छातीवर लावायचा नंबर, मोजे, केळं सगळं रात्री झोपायच्या आधीच उशाशी काढून ठेवा, सेफ्टी पिना तेव्हाच लावून टाका, आणि सामान कॅरीबॅगमध्ये नको, कापडी पिशवीत भरा, कारण शांत खोलीत प्लास्टिकच्या चुरचुरीने हमखास जाग येते. मोठा लाईट लावायचा नाही, टॉर्च जमिनीकडे धरायची. अलार्म व्हायब्रेटवर ठेवून मोबाईल उशीखाली. आणि दर पाच मिनिटांनी स्नूझ करणाऱ्याला खरंतर वेगळी खोलीच द्यायला पाहिजे, त्यालाच एकट्याला. पुढच्या वेळी तुम्हीच रेसचा वीकेंड टाळा ना, फुलं काय एकाच रविवारी फुलतात का?

प्रश्न: आमचे हे खूप घोरतात. डॉर्म घ्यावं का?

घ्या की, पण बेड घेतानाच सांगा आणि कोपऱ्यातला मागा. उताणं झोपलं की जीभ मागे जाते, हवेची वाट अरुंद होते आणि घोरणं वाढतं, म्हणून कुशीवर झोपवा, आणि ट्रेकनंतरची "थोडीशी" तर त्या रात्री नकोच, दारूने घसा आणखी सैल पडतो. शेजारच्याला इअरप्लग देऊन आधीच सॉरी म्हणून टाका, माणूस निम्मा तिथंच शांत होतो. मात्र घोरता घोरता श्वास मधेच थांबत असेल आणि दिवसा बसल्या जागी डुलक्या लागत असतील तर ते डॉक्टरला दाखवा, हा विषय डॉर्मपुरता नाही.

प्रश्न: वासोटा किल्ल्याच्या ट्रेकहून आलेल्या ग्रुपने ओले बूट खोलीतच ठेवले, मोजे पंख्याखाली. वास सहन होईना.

बूट बाहेर, विषय संपला. बामणोलीहून बोटीने शिवसागर जलाशय ओलांडून जंगलात जाऊन आलेल्या बुटात चिखल असतो, पाऊस नुकताच उघडला असेल तर एखादी जळूही असते, तेव्हा मोजे बाहेरच झटका. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सकाळपर्यंत बरंच पाणी शोषतात. ग्रुपमधल्या म्होरक्याला बाजूला घेऊन सांगा, सगळ्यांसमोर बोललात की वाद होतो.

प्रश्न: आईला वरचा बंक मिळाला, गुडघे दुखतात तिचे. खाली एक तरुण मुलगा होता, मागायला संकोच वाटला.

अहो, मागायचं सरळ! "बाळा, आईला वर चढवत नाही, बदलतोस का?" एवढं म्हटलं की बहुतेक पोरं लगेच उठतात. नाहीच म्हणाला तर काउंटरवर बोला, त्याच्याशी भांडू नका, त्यानेही खालचाच बेड बघून बुक केलेला असू शकतो.